काका, खरखर खरंच होती

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या कॅसेटींच्या आवाजातली खरखर तुम्ही शोधून घालवलीत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि पावसापाण्याचं विचारता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आता विषय बदलता यायचा नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, गिरगावातल्या आमच्या चाळीत मी पहाटे साडेपाचला रियाजाला बसते. बाबांनी मला शिकवताना भरून ठेवलेल्या कॅसेटी लावते आणि त्यांच्यामागे गाते. भिंतीपलीकडे तान्हं बाळ आहे, त्यामुळे आवाज अगदी बारीक. जूनमध्ये पाऊस लागला आणि डाव्या स्पीकरमधून तानपुऱ्याच्या खर्जावर, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या तारेवर, खरखर यायला लागली. आधी वाटलं, तानपुराच आहे, जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने खुलणाऱ्या झंकाराचा, आवाज असेल. पण जवारीचा झंकार तारेबरोबर उमलतो आणि तारेबरोबरच विझतो. ही खरखर स्वराच्या कडेला चिकटलेली होती, वाळक्या पानावर पाय पडावा तशी. स्वर बारीक होत गेला की ती उलट वाढायची. बाबांचा आवाजही मंद्रात उतरला की फाटायचा.

स्पीकरची पेटी चादरीत गुंडाळून मी टॅक्सीने दोनदा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नेली. पहिल्या दुकानात त्यांनी ती त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने गाणं लावलं. "ताई, एकदम क्लीन आहे." दुसऱ्या दुकानातही तेच, वर "भास होतोय तुम्हाला, नाहीतर नवीन सेट घेऊन टाका." काका, तीस वर्षं सुरात राहण्याची धडपड करणाऱ्या बाईला कानाचा भास होतोय म्हटलं की काय होतं, ते मी सांगत बसत नाही. त्या आठवड्यात मी तानपुरा लावायलासुद्धा बिचकत होते.

त्या दुसऱ्या दुकानात तुम्ही स्टुलावर बसून सोल्डरची तार घेत होतात. माझ्यामागून बाहेर आलात, पेटीला हात लावलात आणि एकच विचारलंत, "घरी किती मोठ्याने ऐकता?" मी सांगितलं, बटण जेमतेम सरकवते. तुम्ही म्हणालात, "मग इथे कसं ऐकू येणार? तुम्हाला येतंय ना ऐकू, मग आहेच ते. पण ते पेटीतच असेल असं नाही." टॅक्सीत बसल्यावर मला रडू आलं, ते आता सांगते.

त्या रात्री फोनवर तुम्ही स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ दिला नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर बंद करायला लावलात आणि त्याच्या मागच्या, स्पीकरकडे जाणाऱ्या तारांची डावी-उजवी अदलाबदल करून घेतलीत, लाल तार लालमध्येच ठेवून. चालू केलं तर खरखर उजव्या पेटीतून! जी पेटी मी दोनदा मांडीवर घेऊन फिरले, ती स्वच्छ वाजत होती. मग त्या तारा पुन्हा जागच्या जागी लावून कॅसेट डेककडून येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल. खरखर डावीकडेच राहिली. म्हणजे कॅसेट ठीक, डेक ठीक, पेट्या ठीक. दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या बाजूला. हे इतकं साधं आहे की ज्यांचा एकच स्पीकर खराब वाजतोय त्यांनी कुठेही पैसे भरण्याआधी एवढं करून पाहावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेजारी जागे असताना, तुमच्या सांगण्यावरून आवाज दहा सेकंद मोठा केला. खरखर गेली. बारीक केला तरी थोडा वेळ गेलेलीच. पहाटे परत हजर. तुम्ही फोनवर नुसतं "हं" म्हणालात आणि विचारलंत, "चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून टक् असं होतं ना? तो रिले, वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच."

रविवारी लालबागहून बसने आलात, पिशवीत सोल्डरिंग आयर्न. वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते म्हणून मीटरवर आकडा खाली येईपर्यंत तुम्ही झाकणाजवळ माझा हात येऊ दिला नाहीत. मग तो आगपेटीपेक्षा लहान रिले काढलात आणि ब्लेडने त्याचं आवरण कापून मला खिडकीपाशी बोलावलंत. आत तिळाएवढे ठिपके, काळेकुट्ट. "तुमच्याकडे चांदीची जोडवी काळी पडतात ना, तेच हे." अ‍ॅम्प्लिफायर चालू होताना धप्प आवाज येऊ नये आणि आत बिघाड झाला तरी स्पीकर जळू नये म्हणून हा रिले मध्ये बसवलेला असतो, सगळा आवाज त्या ठिपक्यांतून जातो. त्यांच्यावर काळा पातळ थर आला की मोठ्या आवाजाची वीज तो भेदून जाते, बारीक आवाज मात्र त्यात अडकत, तुटत जातो. दुकानात कधीच का ऐकू आलं नाही, ते त्या क्षणी कळलं.

मी म्हटलं, पॉलिश पेपरने घासू या का? तुम्ही नको म्हणालात. घासला की वरचा चांगला थर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. चोवीस व्होल्टचा, तशाच पायांचा नवा रिले लावलात. त्याचे एकशेवीस रुपये तेवढे घेतलेत. मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत, चहा मात्र दोनदा घेतलात. जुना रिले मी टाकलेला नाही, तंबोऱ्याच्या तारांच्या डबीत ठेवलाय.

काका, एका कॅसेटच्या सुरुवातीला बाबा काही बोलत नाहीत, नुसता खर्ज छेडत राहतात. तिथे काहीतरी बारीक सरकल्यासारखं होतं आणि पुढच्याच छेडीला तार खुलते. इतकी वर्षं तो टेपचा दोष समजत होते. परवा पहाटे, नेहमीच्याच बारीक आवाजात, ते स्पष्ट ऐकू आलं. बाबा घोडीवरचा जवारीचा दोरा बोटाने सरकवतायत. पुढच्या रविवारी या, ती कॅसेट काढून ठेवते.

तुमची,
गिरगावची गाणारी