गणित सोडण्यापूर्वी

जामसंडे, ता. देवगड

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अकरावी विज्ञानाला गणित सोडून त्याऐवजी दुसरा विषय घेऊ का, असे तू परवा फोनवर विचारलेस आणि बाबांनी "झेपत नसेल तर सोड" एवढे सांगून विषय मिटवला. त्यांनी ते मायेपोटीच म्हटले. परंतु हायस्कूलच्या ऑफिसात दर जून-जुलैत मी जे पाहते, त्यावरून हा निर्णय असा दोन वाक्यांत घेण्याजोगा नाही असे मला वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी तुझी दहावीची गुणपत्रिका पुन्हा एकदा नीट पाहा. दहावीला सहा विषय असले तरी टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरतात, आणि तुझ्या 91 टक्क्यांत गणित धरलेलेच नाही. शिवाय गणिताच्या 100 गुणांपैकी 20 गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि ते देताना कोणतीही शाळा फारसा हात आखडत नाही. तेव्हा पेढे वाटताना जो आकडा आपण सांगितला, तो तुझ्या गणिताविषयी काहीच सांगत नाही. तुझे पूर्वपरीक्षेचे पेपर मी जपून ठेवले आहेत. बीजगणितात तुझे गुण क्वचितच गेले आहेत. गेले ते बहुतेक भूमितीत, आणि तेही अर्धवट सोडलेल्या सिद्धतांमुळे. अकरावीच्या गणितात त्रिकोणमिती, निश्चयक, फलन, सीमा असे जे येते, त्यात प्रमेयांच्या सिद्धता कमी आणि बैजिक आकडेमोड अधिक असते. रेषा आणि वर्तुळसुद्धा तिथे समीकरणांतूनच शिकवतात. म्हणजे ज्या भागाने तुला दहावीत रडवले, तो आता मागे पडला आहे. वर्गातल्या शहरी मुलांचा वेग पाहून तू घाबरली असशील, तर ते गणित न येणे नव्हे.

आता गणित सोडल्यावर काय काय मिटते ते पाहा. राज्याच्या सीईटीतून, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेतून, अभियांत्रिकीला जायचे तर गणित लागतेच, आणि त्या पेपरात 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांना प्रत्येकी 50. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना ज्याचे आकर्षण असते त्या मर्चंट नेव्हीच्या डेक ऑफिसरच्या अभ्यासक्रमालाही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तीन विषय बारावीला असावे लागतात. याउलट जीवशास्त्राच्या गटातून सीईटी दिली, तर निम्मे गुण जीवशास्त्राचे असतात आणि गणिताचा संबंध येत नाही. तुला मत्स्यशास्त्राची ओढ आहे हे मला ठाऊक आहे, आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय तर मामाच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे असून तिथे चार वर्षांची पदवी मिळते. त्या वाटेला बारावीचे गणित सक्तीचे नाही, त्यामुळे "मग ते कशाला ओढायचे" हा तुझा प्रश्न रास्त आहे.

तरीही एक गोष्ट सांगते. आपल्या बंदरावर कधीकधी हातात पट्टी आणि वही घेतलेली माणसे येतात, टोपलीतले बांगडे एकेक करून मोजतात आणि लांबी लिहून घेतात. लहानपणी तू त्यांना "हे मासे मोजून विकणार का?" असे विचारले होतेस. त्या लांबीच्या नोंदींवरून माशाचे वय, वाढीचा वेग आणि समुद्रात त्याचा साठा किती उरला असेल याचा अंदाज बांधतात, आणि हे सगळे काम समीकरणांचे व संख्याशास्त्राचे आहे. मत्स्यशास्त्राच्या पदवीत संख्याशास्त्र शिकावे लागते, साठ्याचे मूल्यमापनही शिकावे लागते. गणिताला भिऊन मत्स्यशास्त्राकडे वळलेली मुलगी तिथे पुन्हा गणितासमोरच उभी राहील, आणि तेव्हा मधली दोन वर्षे त्याचा हात सुटलेला असेल.

म्हणून माझे मत असे आहे की निदान पहिल्या सत्राची परीक्षा होईपर्यंत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय ठेव आणि गणिताचा अभ्यास मनापासून करून पाहा. विषय बदलण्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे मात्र मैत्रिणींना न विचारता कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार. ती आधी संपत असेल तर लगेच कळव. एखाद्या रविवारी मामाला घेऊन शिरगावला जा, वरच्या वर्गातल्या मुलींना भेट आणि पहिल्या वर्षाची पुस्तके पाहून ये. एवढे करूनही सोडावेसे वाटले तर खुशाल सोड, मी एका शब्दाने अडवणार नाही.

अभ्यासाविषयी थोडे. अकरावीला बोर्ड नाही म्हणून ते विसाव्याचे वर्ष, असा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि निकालात कोकण विभाग पहिला येतो या अभिमानापोटी तो आणखी बळावतो. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमावर साधारण 20 टक्के प्रश्न असतात हे खरे. परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत दोन्ही वर्षे सारखीच विचारतात, आणि बारावीचे बरेचसे गणित अकरावीवर उभे असते. तू मराठी माध्यमातून गेली आहेस, तेव्हा दहावीची विज्ञानाची पुस्तके माळ्यावर टाकू नकोस. वर्गात इंग्रजीतून ऐकलेली संकल्पना रात्री त्यात शोधून मराठीत वाच आणि मग इंग्रजी उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिही. दिवाळीपर्यंत ही अडचण उरणार नाही. प्रयोगशाळा बुडवून क्लासला जाण्याची जी रीत तुमच्याकडे दिसते, ती मला मुळीच आवडत नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांचे प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि ज्याने टायट्रेशनचा, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजण्याचा, प्रयोग स्वतः केला नाही त्याला त्यातली आकडेमोड पाठच करावी लागते.

बाबांशीही बोलले आहे. पुढच्या वर्षी बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सीईटी त्यानंतर, म्हणजे नेमकी आंब्याच्या ऐन हंगामात येईल. पेट्या भरायला माणूस कमी पडला तरी तुला बोलवायचे नाही, हे आमचे ठरले आहे. गणपतीला मात्र ये, पण वहीसकट. घटक चाचणी बहुधा त्याच सुमारास असते.

शेवटी कागदपत्रांचे, कारण मुलांपेक्षा पालक जास्त हेलपाटे घालतात ते याच कामासाठी. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना, शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि खानावळ त्यात धरू नकोस. त्यासाठी नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला मी तहसीलमधून वेळेत काढीन, पण जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत जातो, तेव्हा त्याची सूचना फलकावर लागली की त्याच दिवशी मला सांग. तुझ्या आधारकार्डावर बाबांच्या नावातला 'राव' गळला आहे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो आहे. एवढ्याशा फरकावरून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत, म्हणून गणपतीला येशील तेव्हा आधार दुरुस्त करून घेऊ. मूळ दाखले मामाच्या कपाटातच राहू देत, कॉलेजात छायांकित प्रतीच देत जा.

मामा-मामींना नमस्कार सांग.

तुझी,
आई