बेळगावचा माल, लंडनचं कोर्ट

मा. संपादक,

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे कारखान्यांतून न्हावा-शेवा बंदरामार्गे परदेशी गेलेल्या कास्टिंगवर (धातूच्या ओतीव भागांवर) कंटेनरला सुटलेल्या घामानं, म्हणजे आत साचलेल्या दवानं, गंज चढला किंवा पेट्या कमी उतरल्या, की सल्ला हमखास मिळतो : इथल्या दिवाणी कोर्टात दावा ठोका. हा सल्ला महागात पडतो. वाद कुठल्या कोर्टात चालेल हे बिल ऑफ लेडिंगच्या (बी.एल., म्हणजे माल चढवल्याबद्दल जहाज कंपनी देते त्या कागदाच्या) पाठीमागे, करड्या बारीक अक्षरांत ठरवून टाकलेलं असतं. जहाज कंपन्यांपैकी मर्स्कचं लंडन, हपाग-लॉइडचं हॅम्बुर्ग, सीएमए-सीजीएमचं मार्सेय. मंजुरीसाठी ई-मेलवर येणारा या बिलाचा ड्राफ्ट बहुधा दर्शनी पानाचाच असतो, मग हे कलम दिसणार कुठून? ‘आम्ही सही केली नव्हती’ ही सबबही चालत नाही. पूर्व आफ्रिकेतून कोचीला आलेल्या काजूत तूट निघाली, त्या खटल्यात अशाच कलमामुळे कोचीच्या कोर्टाला अधिकार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1990 मध्येच सांगितलं. चंदगड-बेळगावच्या काजूवाल्यांनी तो निकाल जरूर वाचावा. ऑस्ट्रेलियानं 1991 च्या कायद्यात असली कलमं निष्प्रभ केली. आपण सागरी मालवाहतुकीचा 1925 चा कायदा 2025 मध्ये बदलला, तेव्हा मात्र हे राहून गेलं.

त्यातच मुदतीची मेख. माल ताब्यात मिळाल्यापासून वर्षाच्या आत योग्य कोर्टात दावा लागला नाही, तर जहाज कंपनी सुटली. बेळगावात दावा लावला म्हणून लंडनचं वर्ष थांबत नाही. इथं अधिकारक्षेत्राच्या हरकतीवर तारखा पडत राहतात आणि वादपत्र परत हाती येईपर्यंत तिकडचं दार बंद झालेलं असतं. म्हणून दहाव्या महिन्यातच बी.एल. नंबर घालून मुदतवाढ मागावी आणि ‘अमुक तारखेपर्यंत’ असं उत्तर जहाज कंपनीकडून लेखी घ्यावं. एजंटानं फोनवर ‘बघतो’ म्हणणं ही मुदतवाढ नव्हे.

एक वाट आहे. कारखान्यातून ट्रकनं बंदर आणि पुढे जहाज, असा सगळा प्रवास नोंदणीकृत मल्टिमोडल ऑपरेटरच्या (रस्ता-समुद्र अशा सगळ्या टप्प्यांची जबाबदारी एकट्यानं घेणाऱ्या वाहतूकदाराच्या) एकाच कागदावर घेतला, तर 1993 च्या मल्टिमोडल वाहतूक कायद्याचं कलम 25 माल जिथं ताब्यात घेतला तिथल्या कोर्टात जाऊ देतं. मात्र त्या कागदावर ‘प्लेस ऑफ रिसीट’च्या (माल ताब्यात घेतल्याच्या ठिकाणाच्या) चौकटीत बेळगाव छापून आलं पाहिजे. घाईत तिथं न्हावा-शेवा पडलं, की हा आधारच गेला. शिवाय या कायद्यात दाव्याची मुदत नऊच महिने आहे, तेव्हा वर्षाच्या हिशेबानं निवांत बसू नये.

सागरी विमा असेल तर भरपाई इथल्या शाखेत मागता येते. तरीही जहाज कंपनीला नोटीस हवीच : दिसणारं नुकसान माल उचलतानाच, न दिसणारं तीन दिवसांत. ही नोटीस परदेशातल्या खरेदीदारानं जहाज कंपनीला द्यायची असते, म्हणून तिचा मसुदा कागदपत्रांसोबतच त्याला पाठवून ठेवावा. नोटीस नसेल तर विमा कंपनी नेमकं तिथंच बोट ठेवते.

– निर्यात कागदपत्रांचं काम करणारे काही जण, उद्यमबाग, बेळगाव