पुन्हा उडी घेण्याआधी

ठाणे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हे समोर बसूनच बोलायचं होतं. पण विषय निघाला की तू ताटावरून उठतोस, म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

कॉलरबोन जुळली, डॉक्टरांनी घोड्यावर बसायची परवानगी दिली, सपाटीवर तू बादलवरून छान कँटरही, म्हणजे हलकी दौडही, करतोस. पण रिंगमध्ये उडीसाठी क्रॉस पोल, म्हणजे दोन दांड्यांची फुली, मांडलेली दिसली की तुझा चेहरा उतरतो. परवा घरी आलेले काका म्हणाले, "मुलगा असून घाबरतोस? पडलं की लगेच परत चढायचं असतं!" ते अजिबात मनावर घेऊ नकोस. साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावरावरून खाली आपटलेलं शरीर सावध होणारच. त्यात लाज कसली?

माझ्या क्लिनिकमध्ये मी रोज हेच बघते. लिगामेंटचं ऑपरेशन झालेला पेशंट, गुडघा पूर्ण वाकतोय, ताकद आलीय, तरी जिन्यापाशी येऊन थबकतो. "घाबरू नका" म्हणून कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. आम्ही त्याला एकच पायरी देतो. तीच पायरी पुन्हा पुन्हा, त्याला तिचा कंटाळा येईपर्यंत. मग दुसरी.

रविवारी कठड्याशी उभी राहून मी तुझ्याकडे फिजिओच्या नजरेनं पाहिलं. उडी जवळ आली की तुझे खांदे कानांपाशी जातात, श्वास थांबतो आणि गुडघे खोगिराला घट्ट आवळले जातात. गुडघे आवळले की पोटऱ्या मागे सरकतात, टाचा वर येतात, धड पुढे झुकतं. मांड सुटते ती तिथेच. अशा वेळी घोडा नुसता अडखळला तरी माणूस त्याच्या मानेवरून पुढे जातो. शिवाय तू पोलकडे खाली बघतोस.

आता बादलच्या बाजूनं विचार कर. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, कपाळासमोरचं अगदी जवळचं त्याला दिसत नाही. पोल त्यानं लांबून पाहून ठेवलेला असतो आणि त्याच भरवशावर तो झेप घेतो. नेमक्या शेवटच्या ढांगेत तू लगाम खेचलास आणि पायाचा दाब काढलास, तर तो थांबणार. त्याला हट्टी म्हणू नकोस रे, तोंडाला हिसका बसलाय त्याच्या, त्यालाही धास्ती आहे. तुम्हा दोघांनाही एकमेकांवर पुन्हा विश्वास बसायला हवा.

सरांशी मी सविस्तर बोलले. आधी फक्त जमिनीवर ठेवलेले पोल, ट्रॉटमध्ये म्हणजे दुडक्या चालीत, साधारण साडेचार-साडेचार फुटांवर. त्यावरून जाताना मोठ्यानं आकडे मोजायचे. बोलताना श्वास रोखता येत नाही, म्हणून मोजायचं. बाकी त्यात काही जादू नाही. बादलच्या गळ्यात पट्टा असेल, तोल गेला तर तो धरायचा, लगाम नाही. नजर रिंगच्या टोकाच्या जांभळाच्या झाडावर. पुढे क्रॉस पोल येईल, मध्यभागी गुडघ्याच्याही खाली, आणि त्याच्या अलीकडे नऊ फुटांवर एक पोल जमिनीवर, म्हणजे बादलची झेप आपोआप योग्य जागेवरून निघेल आणि अंदाज बांधायचं ओझं तुझ्यावर राहणार नाही. उंची कधी वाढवायची ते तू सांगायचं. एखाद्या दिवशी खाली आणावीशी वाटली तर तेही सांगायचं. आणि चांगली उडी झाली की तिथेच थांबायचं. "अजून एकच" हा मोह सरांनाही आवरायला सांगितलाय.

पोल पडला तर पडू दे. आपला घोडेस्वार फवाद मिर्झा टोकियोत सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर बसून शो जंपिंगमध्ये उतरला तेव्हा पहिल्या फेरीत त्याला आठ पेनल्टी लागल्या. एका पोलला चार, म्हणजे किती ते तुला ठाऊक आहे. तरी तो अंतिम फेरीत गेला आणि ऑलिम्पिकमध्ये तेविसावा आला. तू तर अजून कुठल्याच स्पर्धेच्या दारात उभा नाहीस, मग घाई कुणासाठी?

आमच्यासाठी तर मुळीच नको. एवढी वर्षं फी भरली, पहाटे घोडबंदर रोडचं ट्रॅफिक काढलं, याचा हिशोब आम्ही मांडलेला नाही, तूही मांडू नकोस. तुला नुसतं सपाटीवर रायडिंग करायचं असेल, ड्रेसाजकडे, म्हणजे उड्यांशिवायच्या घोड्याच्या कवायतीकडे, वळायचं असेल, तर मला तितकाच आनंद होईल. पण रात्री तू मोबाईलवर उड्यांचेच व्हिडिओ बघत असतोस, म्हणून वाटतं की तुझं मन अजून तिथेच आहे.

जुनं हेल्मेट मी माळ्यावर टाकलंय. बाहेरून धड दिसतं, पण एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. नवीन आणलंय, कपाटात आहे. हनुवटीचा पट्टा घालून बघ, सैल वाटला तर दुकानात बदलून देतील.

शनिवारी सहा वाजता सर रिंगमध्ये पोल मांडून ठेवतील. जायचं की नाही ते शुक्रवारी रात्रीपर्यंत सांग, म्हणजे त्यांना तसं कळवते.

तुझी,
आई