सदा, ती सात ओळींची बातमी सापडली

बेळगाव,
8 जानेवारी 2026

प्रिय सदा,

दिवाळीत तुझा फोन आला, मी उचलला नाही आणि नंतर केलाही नाही. त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी हे वाच. दुसऱ्या कोणाला सांगून कळण्यासारखं नाही हे. तब्येत ठीक. साखर तेवढीच, गोळ्या त्याच. हिचे गुडघे दुखतात.

आपल्या पेपरातली खानापूरकडची ती विहिरीची बातमी आठवते? जुलै 1987. पान तीन, खाली उजवा कोपरा, सात ओळी. परवा ती माझ्या पत्रकारितेच्या वर्गात आली.

परवा म्हणजे सहा तारखेला, पत्रकार दिनी. कचेरीत तात्या त्या दिवशी बाळशास्त्रींच्या फोटोला हार घालून 1832 च्या 'दर्पण'वर दहा मिनिटं बोलायचे आणि मग कुंदा वाटायचे. तू रांगेत दोनदा उभा राहायचास, दुसऱ्यांदा चष्मा काढून. मी वर्गात भाषण ठेवत नाही. त्या दिवशी पोरांनी आपलं काम मांडायचं. यंदा सांगितलं होतं, कोणीतरी जपून ठेवलेलं एखादं जुनं कात्रण शोधा, त्यातल्या माणसांना भेटा आणि छापून आलं त्याचं पुढे काय झालं ते विचारा. एकानं येळ्ळूरच्या 'महाराष्ट्र राज्य' फलकाचं 2014 मधलं कात्रण आणलं होतं, एकीनं शहापूरच्या मागवाल्यांचं. चांगली कामं होती.

मग खानापूर तालुक्यातली एक मुलगी उठली. घरी मराठी, शिक्षण सगळं कन्नडमधून. हुशार आहे, कमी बोलते. तिनं प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कात्रण टेबलावर ठेवलं. माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, तरी ओळखलं. आपला तो मोडका ळ, लेका! खालचा वळसा तुटलेला. रोजच्या 'बेळगाव, दि.'मध्ये तोच यायचा आणि तू कंपोझिंगला जाऊन रोज ओरडायचास. 'बेळगाव, दि. 14 (आमच्या प्रतिनिधीकडून)'. वर मथळा, 'दारूच्या नशेत विहिरीत पडून इसमाचा मृत्यू'.

सदा, तो माणूस माळकरी होता. पंढरीची वारी कधी चुकवली नाही त्यानं. पावसात विहिरीच्या काठावरून पाय घसरला, एवढंच झालं होतं.

ती मुलगी त्याच्या मुलाला भेटून आली. ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली, कात्रणासोबत पंचनाम्याची नक्कल होती, कन्नडमधली. पोरीनं ती वर्गात वाचून दाखवली. नीरु कुडिदु, शब्दशः पाणी पिऊन, म्हणजे नाकातोंडात पाणी जाऊन. ती म्हणाली, "सर, बातमी देणाऱ्याला कन्नड येत नसणार. 'कुडिदु' एवढंच ऐकलं त्यानं. प्यायला म्हणजे दारूच प्यायला, असं धरून चालला."

मला तो फोन जसाच्या तसा आठवतो. खरखर चाललेली. पलीकडून हवालदार म्हणाला, "नीर कुडदु सत्तान री." मी 'कुडदु' पकडलं आणि फोन ठेवला. आदल्या वर्षीचा जून अंगात होता माझ्या. कन्नड सक्तीच्या विरोधातलं आंदोलन, गोळीबार, त्यात गेलेली हिंडलग्याची ती माणसं. त्यानंतर कन्नड शिकायचं नाही, असा हट्टच धरला होता मी. तेव्हा तू म्हणालास, "माझी आई गोकाकची आहे. तिच्याशी काय भांडण तुझं?" त्यावरून आपण आठ दिवस एका टेबलावर बसून बोललो नव्हतो. तुझ्या आईनं तिसऱ्या दिवशीच मला जेवायला बोलावलं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मेथीची भाजी आणि भाकरी होती.

त्या रात्री तू डेस्कवर होतास. "काय कुडदु? नीट विचारलंस का?" असं तू विचारलंस. मग तात्यांचा नियम काढलास, मेलेल्याच्या घरी जाऊन आल्याशिवाय मरणाची बातमी घ्यायची नाही. मी म्हणालो, "जाऊन आलो." सदा, मी गेलो नव्हतो. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि मला पान एकची बातमी पुरी करायची होती.

तुला अजून एक सांगायचं आहे. 'असे पोलिसांनी सांगितले' हे वाक्य तू जागेसाठी कापलंस, असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होतो. सुलभाताईंच्या लग्नात चारचौघांत तुला ते बोललोसुद्धा. परवा रात्री आठवून आठवून बघितलं. ते वाक्य मी लिहिलंच नव्हतं. तू कापलं नाहीस. माझी चूक झाली, मला माफ कर.

मुलगा कात्रण घेऊन कचेरीत आला होता म्हणे, दुरुस्ती छापा म्हणून. दुपारभर बाकावर बसला. कोणी आत बोलावलं नाही आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून उठून गेला. तो जिन्याखालचा बाक. त्यावर बसलेल्या माणसाला ओलांडूनच आपण चहाला जात होतो ना? मी त्या दुपारी कुठं होतो, काही केल्या आठवत नाही. तू होतास का? त्याच्या आईनं पुढच्या आषाढीपासून वारी सोडली. दिंडीत कोणी तोंडावर काही बोललं नव्हतं, तरी सोडली. दहा वर्षांनी गेली ती.

एवढं सांगून झाल्यावर पोरीनं विचारलं, "सर, हा 'आमचा प्रतिनिधी' कोण होता, शोधता येईल?"

मी म्हणालो, "बघूया." आणि तास संपला.

दोन रात्री झोप नाही. 2004 चा सीमाप्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, 2012 ला इथल्या विधानभवनाचं, सुवर्णसौधचं उद्घाटन, 2014 च्या नोव्हेंबरात बेळगावचं बेळगावी झालं तो दिवस, सगळं माझ्या नावानं छापून आलं. फायली आहेत कपाटात. या सात ओळींवर मात्र नाव नाही. तात्या गेले, ती कचेरी बंद पडली. तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

आणि मी इथं कशावर बसलोय ते तुला माहीत आहे. यूजीसीनं 2022 मध्ये ती प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची वाट काढली म्हणून. पीएच.डी. नको, नेट नको, किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा. अनुभवाच्या दाखल्यात 1987 पण धरलंय. मुदत तीन वर्षांची, फार तर चौथं वर्ष वाढवून मिळतं. माझी तीन जूनमध्ये पुरी होतील. दरवर्षी पहिल्या तासाला मी पोरांना तात्यांचा नियम सांगतो, अगदी त्यांच्याच शब्दांत. त्या पोरीच्या वहीत तो पहिल्या पानावर आहे, मी पाहिलाय. आता कन्नड वाचतो, बोलतो, दोन्ही भाषांतली कागदपत्रं ताडून बघायला शिकवतो. मुलं मनापासून शिकतात, सदा. या कामाइतकं सुख मला बातमीदारीनंही दिलं नाही. म्हणूनच त्यांच्यासमोर 'बघूया' म्हणून बसवत नाही मला.

ही म्हणते, इतक्या वर्षांनी कशाला उकरता, त्या लोकांना उलट त्रास. तिचं म्हणणं मी टाकून देत नाही. पण त्या मुलानं कात्रण फाडून टाकलं नाही. पंचनामा त्याला जोडून ठेवला. अडतीस वर्षं तो कोणीतरी विचारायला येण्याची वाट बघतोय, असं मला वाटतं.

चिनूचं ठरलं असं कळलं. मुलगा नाशिकचा ना? तारीख कळव, आठवडाभर आधी येऊन राहतो. तुझं मोतीबिंदूचं झालं का? वहिनींना नमस्कार सांग. त्यांना मांडे हवे होते, ते लक्षात आहेत.

ठरवलंय ते असं. आधी त्या घरी जायचं, मग सोमवारी वर्गात सांगायचं. पोरीला आधी सांगून तिच्यासोबत जावं, असं एकदा वाटलं, पण तिच्या आडून गेल्यासारखं होईल. एकटाच जाणार. रविवारी सकाळची खानापूरची गाडी धरतो, पुढे वडाप मिळेल. हातात काय न्यावं सुचत नाही. मिठाई नेता येत नाही. दुरुस्ती लिहून काढलीय, सात ओळींचीच, खाली माझं नाव घालून. छापायला पेपर उरला नाही, पण त्याच्या ट्रंकेत त्या कात्रणासोबत राहू दे.

तो दारात आल्यावर पहिलं वाक्य काय बोलू, तेवढं सांग. मथळे तूच चांगले काढायचास. हे पत्र कुरियरनं पाठवतोय, शनिवारी पोचेल. पोचल्या पोचल्या फोन कर. उचलतो.

तुझा,
बाळू