नुसता सोर्स कोड मागू नका : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

विक्री बंद झालेली व्यावसायिक ऑपरेटिंग सिस्टीम कंपनीने ओपन सोर्स करावी, म्हणजे तिचा सोर्स कोड (प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर) सर्वांना वापरायला आणि बदलायला खुला करावा, या मागणीला आमचा पाठिंबा आहे. पण ही मागणी सिस्टीम बंद होताना करून भागत नाही. ती खरेदीच्या करारातच हवी.

एचपी ३००० सर्व्हरवरची एमपीई/आयएक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम पाहा. एचपी कंपनीने २००१ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर केले आणि २०१० च्या अखेरीस सपोर्ट थांबवला. सोर्स कोड मिळाला तो मोजक्या कंपन्यांना, तोही ग्राहकांच्या अडचणी सोडवण्यापुरता. या सिस्टीमचे जुने कॅलेंडर फंक्शन तारीख १६ बिटांत ठेवते : ७ बिट वर्षाला, ९ दिवसाला. वर्ष १९०० पासून मोजतात आणि ७ बिटांत १२७ च्या पुढचा आकडा मावत नाही. त्यामुळे ३१ डिसेंबर २०२७ नंतर वर्ष पुन्हा १९०० होते. हा दोष काढायचा तर सिस्टीमचा कोड हवा, आणि ते फंक्शन वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामचाही.

उशिरा मागितले की हक्कांचा गुंता आडवा येतो. ओएस/२ ही आपली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम खुली करण्याची विनंती आयबीएमने नाकारली; तिच्यातला काही कोड मायक्रोसॉफ्टच्या भागीदारीत लिहिलेला होता. सन कंपनीची सोलॅरिस ही ऑपरेटिंग सिस्टीम २००५ मध्ये खुली झाली, तरी काही भाग बंदच राहिले. २०१० मध्ये सन विकत घेतलेल्या ओरॅकलने नवा कोड देणे थांबवले, तेव्हा खुल्या कोडवर काम पुढे नेणाऱ्या इल्युमॉस प्रकल्पाला ते भाग नव्याने लिहावे लागले. काम पुढे चालू राहिले, कारण आधी दिलेला परवाना परत घेता येत नव्हता.

म्हणून निविदेत पूर्ण बिल्ड मागा, म्हणजे कोडपासून चालणारी सिस्टीम तयार करायला लागणारे सर्व काही. बदलांच्या इतिहासासह कोड, नेमक्या त्याच आवृत्तीचे कंपायलर आणि लिंकर (कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारी साधने), बिल्ड स्क्रिप्ट, चाचणी संच, आणि बाहेरून घेतलेल्या प्रत्येक घटकाची परवान्यासह यादी. लायसन्स की, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करायला लागणारा परवान्याचा संकेत, तयार करणारा प्रोग्रामही हवाच. सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या क्रमांकाला बांधलेले असेल, तर बोर्ड जळल्यावर कोड हाती असूनही ते सुरू होत नाही. अपडेट अस्सल असल्याची डिजिटल सही करणारी खासगी की (गुप्त संकेत) कंपनी देणार नाही, आणि तिने देऊही नये. ग्राहकाला स्वतःची की नोंदवता आली पाहिजे.

हे सारे त्रयस्थाकडे एस्क्रोत, म्हणजे ठरलेली अट पूर्ण झाल्यावरच ग्राहकाला मिळेल अशा ठेवीत, ठेवा, पण सीलबंद डिस्कवर विसंबू नका. दरवर्षी एका कोऱ्या मशीनवर, नेटवर्क तोडून आणि कंपनीचा अभियंता खोलीत नसताना बिल्ड करून दाखवायला लावा. पहिल्या खेपेला तो बहुधा अडतो, कारण एखादी लायब्ररी कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरवरून येत असते. बिल्ड झाला तरी चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ फाइलींशी जुळत नाही, कारण फाइलींत बिल्डची वेळ आणि फोल्डरचा पत्ता उतरतो. या दोन्ही गोष्टी स्क्रिप्टमध्ये आधीच कायम कराव्या लागतात.

कोड खुला झाला की हल्लेखोरही तो वाचतील, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी देखभाल करणाऱ्यांना तो सहा महिने आधी द्या, पॅच बसू द्या, मग सर्वांसाठी खुला करा. सपोर्ट संपला, कंपनी बुडाली किंवा गंभीर सुरक्षा दोषावर ९० दिवसांत पॅच आला नाही, तर ही प्रक्रिया आपोआप सुरू व्हावी.

चालू करारांत ही अट नूतनीकरणाच्या वेळी पुरवणी म्हणून घालता येईल. सुरुवात पगार, कर आणि रुग्णनोंदी सांभाळणाऱ्या सिस्टीमपासून करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आपले,
जुन्या सर्व्हर प्रणालींची देखभाल करणारे अभियंते