तुमच्याच हेल्पलाइनने उघडायला लावलेल्या कॉम्प्युटरची वॉरंटी रद्द केल्याबाबत

देवरुख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
दि. 18 ऑगस्ट 2025

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

स.न.वि.वि.

नोव्हेंबर 2023 मध्ये मी तुमच्या कंपनीचा डेस्कटॉप घेतला. वॉरंटी 3 वर्षांची. घरी मी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, हँडबिलं, आणि सध्या गणपती तोंडावर आल्यामुळे मंडळांची पावतीपुस्तकं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, कॅबिनेटमधून लांब-लांब बीप येतात आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल' येऊन पडदा काळा होतो. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर कधी तरी सुरू होतो, आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतो. मॉनिटर आणि केबल भाच्याच्या लॅपटॉपला जोडून पाहिली, दोन्ही ठणठणीत आहेत.

तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलाने स्वतःहून सांगितलं, "मॅडम, साइडचं झाकण उघडा, रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा खोडरबरने पुसा आणि परत बसवा." झाकणाच्या स्क्रूवर स्टिकर आहे, तो फाटेल, असं मी विचारलंसुद्धा. "काही होत नाही," असं उत्तर मिळालं. फोनच्या सुरुवातीला 'हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे' असं तुम्हीच ऐकवता. तो कॉल काढून ऐका, तक्रार नंबर माझ्याकडे आहे.

पट्ट्या पुसल्यावर मशीन आठवडाभर चाललं. मग पुन्हा तेच. तुमच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन कॅबिनेट रत्नागिरीला घेऊन गेला. सहा दिवसांनी परत आणलं तेव्हा विंडोज नवी कोरी आणि डिस्क रिकामी! "विंडोज करप्ट होती," म्हणे. जॉबशीट समोर घेऊनच लिहिते आहे. तक्रारीच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात 'नो डिस्प्ले' आहे आणि कामाच्या रकान्यात 'विंडोज लोड केली'. ग्राहकाच्या संमतीची जागा कोरी आहे.

मी इंजिनिअर नाही, पण एवढं मला कळतं. बटण दाबल्यावर मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आधी मेमरी, म्हणजे रॅम, आणि डिस्प्ले तपासतो, मग तुमचा लोगो येतो, आणि डिस्कवरच्या विंडोजची पाळी त्यानंतर. इथे लोगोच येत नव्हता. लांब बीपचा अर्थ मेमरीचा दोष, असं तुमच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय. दारच उघडेना म्हणून माजघरातली भांडी बाहेर फेकावी, तसला हा प्रकार. माझ्याकडे पेनड्राइव्हवर जून 2024 पर्यंतच्या फाइली होत्या. नंतरची वर्षभराची कामं गेली. बॅकअप ठेवायला हवा होता, ती चूक माझी. पण न विचारता डिस्क पुसण्याची चूक तुमची.

परत आल्याच्या तिसऱ्या सकाळी पुन्हा बीप. या खेपेला दुसरा माणूस आला, त्याने फाटलेला स्टिकर पाहिला आणि मशीनला हातही न लावता सांगितलं, "सील तोडलंय, वॉरंटी संपली. बोर्डाचे 7,800 होतील." वर व्हिजिटचे 350 रुपये घेतले.

मग मीच एक करून पाहिलं. रॅमच्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, आणि त्या बसवायच्या बोर्डावर दोन खाचा, म्हणजे स्लॉट. सलग चार सकाळी एकेक पट्टी आलटून पालटून दोन्ही स्लॉटमध्ये लावली. दुसऱ्या स्लॉटमध्ये कुठलीही लावा, पहिल्या झटक्यात सुरू. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्हींपैकी कुठलीही लावा, बीप. म्हणजे पट्ट्या चांगल्या आहेत, दोष बोर्डावरच्या स्लॉटमध्ये आहे. हे शोधायला तुमच्या माणसांना अर्धा तास पुरला असता. तूर्त एकाच पट्टीवर काम रेटते आहे. कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की मशीन रखडतं, आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं.

माझं म्हणणं असं: बोर्ड वॉरंटीत विनामूल्य बदलून द्यावा, 350 रुपये परत करावेत, आणि पुसलेल्या फाइली डिस्कवरून जितक्या निघतील तितक्या काढून देण्याचा खर्च कंपनीने करावा. त्यासाठी मी डिस्क वापरायची थांबवली आहे, सध्याचं काम भाच्याने दिलेल्या जुन्या डिस्कवर चालू आहे. बिल, जॉबशीट आणि 350 च्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही.

माणूस पाठवाल तेव्हा सकाळी नऊच्या आत पाठवा आणि आदल्या दिवशी फोन करा. रात्रीच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये लावून ठेवीन. दुपारी आलात तर मशीन सुरू होईल, आणि "मॅडम, चालतंय की" हे मी आता दोनदा ऐकलंय.

आपली,
तक्रारदार ग्राहक