डॉक्टरांची धास्ती रास्त आहे

टेलिमेडिसिनकडे, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून दुरूनच रुग्णाला सल्ला देण्याकडे, डॉक्टरच पाठ फिरवतात, अशी तक्रार करणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. त्यात डॉक्टरांवर ठेवलेला आळसाचा ठपका मला मान्य नाही. 2018 मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणात प्रसूत महिलेच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता फोनवरून उपचार सांगितल्याचा मुद्दा त्यात कळीचा होता. त्याची धास्ती बसणारच. केंद्र सरकारच्या 25 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी दूरसल्ल्याला नियमांची चौकट दिली. प्रत्यक्ष तपासणी हवी, असे सांगण्याचा अधिकारही डॉक्टरांकडेच ठेवला. पण तपासणारा हात कुठून आणायचा?

तो गावच्या आरोग्य उपकेंद्रात मिळू शकतो. माझ्या आईचे पाय सुजले तेव्हा आमच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, पडलेला खड्डा ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरच्या डॉक्टरांना कॅमेऱ्यात दाखवला, रक्तदाब मोजून सांगितला. डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या न लिहिता तिला त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवले. घरून मोबाइलवर बोललो असतो तर ‘पाय जरा सुजलेत’ यापलीकडे मला काही सांगता आले नसते.

म्हणून नवी अॅप काढण्याआधी शासनाने उपकेंद्रांत जिथे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची पदे रिकामी आहेत तिथे ती भरावीत आणि वीज व इंटरनेट दिवसभर चालेल एवढी तरी सोय करावी.

– एक वाचक, जव्हार (जि. पालघर)